खत उदंड झालं तेव्हा

२ नोव्हेंबर १९८४, शुक्रवार. नेदरलँड्सचे शेतीमंत्री खेरिट ब्राक्स यांनी त्या दिवशी जाहीर केलं, की यापुढे देशात नवी डुक्करपालन केंद्रं आणि नव्या पोल्ट्री उभारता येणार नाहीत आणि जी आहेत त्यांच्या वाढीलाही मर्यादा राहील. यामागचं कारण ऐकून कुठलाही जुना शेतकरी चक्रावला असता. देशात खत फार झालं होतं. जमिनीला पेलवणार नाही, पाण्याला सोसणार नाही आणि ठेवायला जागा पुरणार नाही, इतकं.

ब्राक्स ब्राबांत प्रांतातल्या पील नावाच्या भागात, ओडिलियापील या गावी जन्मलेले. डुकरांची सगळ्यात जास्त दाटी ज्या पट्ट्यात होती, तोच त्यांचा मुलूख. ‘आता पुरे’ हे आपल्याच माणसांना सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. त्या घोषणेपासून आजवर या देशात शेतात खत टाकण्यावरून जेवढे कायदे, खटले, आंदोलनं आणि सत्तांतरं झाली, तेवढी क्वचितच कुठे झाली असतील. क्षेत्रफळानं मराठवाड्याहूनही लहान असलेल्या या देशावर ही वेळ का आली, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

नेदरलँड्स म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवी कुरणं आणि काळ्या-पांढऱ्या गाई येतात. आपल्याकडे संगमनेर-राहुरीच्या गोठ्यांत ‘एचएफ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाईचं मूळ याच देशातल्या फ्रिसलंड भागात आहे. पण ही कुरणं पश्चिमेला आणि उत्तरेला, चिकण आणि दलदलीच्या जमिनीवर. देशाचा दक्षिण आणि पूर्व भाग, म्हणजे ब्राबांत, लिम्बुर्ख, खेल्डरलंड आणि ओव्हरआयसेल, मोठ्या प्रमाणात रेताड. पाऊस पडला की रेतीतून पाण्याबरोबर कसही खाली जातो. या रेतीवर शेतकऱ्यांनी शतकानुशतकं राय आणि ओट पिकवलं ते केवळ खताच्या जोरावर. माळावरच्या झुडपांचे मुळासकट थर कुदळीनं कापून आणायचे, गोठ्यात जनावरांखाली अंथरायचे, त्यावर शेण-मूत पडू द्यायचं, मग वर नवा थर. हिवाळाभर गोठ्याची जमीन उंच होत जायची. वसंतात तो सगळा गादीसारखा थर उकरून शेतात न्यायचा. एका शेताचा कस राखायला त्याच्या कितीतरी पट माळ खरवडला जाई. पिढ्यान् पिढ्या हे चालल्यानं काही गावांजवळची शेतं आजूबाजूच्या जमिनीहून मीटरभरापर्यंत उंच झाली आहेत. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवायला धनगराची वाट पाहतात, मोबदला देऊन त्याला थांबवून घेतात. तिथल्या शेतकऱ्याला आपल्या खताची किंमत तितकीच ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रासायनिक खत आलं आणि माळ खरवडणं थांबलं. पण खत ही शेतकऱ्याची दौलत आहे, ही समजूत मनात पक्की राहिली. पुढच्या कायद्यांना जो कडवा विरोध झाला, त्याच्या मुळाशी हीच समजूत होती असं मला वाटतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. लोकांनी ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसं भुकेनं गेली. युद्धानंतर शेतीमंत्री झालेले सिको मान्सहोल्ट स्वतः शेती केलेले गृहस्थ होते. पुन्हा कधी उपासमार नको, या एका निश्चयानं त्यांनी १९५८ पर्यंत देशाची शेती बदलली आणि त्यानंतर युरोपचे शेती आयुक्त म्हणून सगळ्या पश्चिम युरोपची. तुकडे जोडा, यंत्रं आणा, कर्ज घ्या, उत्पादन वाढवा. या धोरणाला नावं ठेवणं आज सोपं आहे, पण भरल्या पोटी ठेवलेली ती नावं असतील. मान्सहोल्ट यांनाच १९७२ मध्ये वाढीच्या मर्यादांविषयीचा अहवाल वाचल्यावर या सगळ्याचा फेरविचार करावासा वाटला आणि तो त्यांनी उघडपणे मांडला. तोवर गाडं उताराला लागलं होतं.

रेताड भागातल्या शेतकऱ्याकडे जमीन थोडी, घरात माणसं फार. थोड्या जमिनीवर जगायचा मार्ग एकच: चारा आपल्या शेतात न पिकवता विकत आणायचा आणि छपराखाली डुकरं-कोंबड्या वाढवायच्या. हे शक्य झालं ते रॉटरडॅम बंदरामुळे आणि जकातीच्या एका तरतुदीमुळे. युरोपच्या सामायिक शेती धोरणानं गहू-बार्लीचे भाव चढे ठेवले होते. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या व्यापार वाटाघाटींत सोयाबीन आणि टॅपिओका यांना जवळपास जकातमुक्त वाट मिळाली. थायलंडमधून कसाव्याचे वाळवलेले तुकडे आणि अमेरिकेतून, नंतर ब्राझीलमधूनही सोया जहाजं भरभरून येऊ लागलं. रॉटरडॅमपासून काही तासांच्या अंतरावर ब्राबांतचे गोठे. खाद्याचे कारखाने, सहकारी संस्था, बँका आणि शेतीचे सल्लागार, सगळे एकाच दिशेनं बोट दाखवत होते. नव्या गोठ्यांना सरकारचं गुंतवणूक-अनुदानही मिळत होतं.

आकडेच पाहा. १९५० च्या सुमाराला देशात १९ लाखांच्या आसपास डुकरं होती. १९८० मध्ये एक कोटी. १९८७ मध्ये एक कोटी चाळीस लाखांच्या वर, म्हणजे देशातल्या माणसांइतकी.

थायलंडच्या आणि ब्राझीलच्या मातीतून पिकाबरोबर निघालेलं नत्र आणि स्फुरद समुद्र ओलांडून येत होतं. त्यातला थोडा भाग मांसात जाऊन निर्यात होई, उरलेला सगळा ब्राबांतमध्ये मागे राही. परत थायलंडला ते कोण पाठवणार? हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला नाही आणि माझ्या मते सगळ्या पेचाचं मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

खताचं रूपही बदललं होतं. जुन्या गोठ्यात काडी-पाचोळ्याचं अंथरूण असे, त्यामुळे खत घट्ट, कुजलेलं, गाडीत भरण्याजोगं. नव्या गोठ्यात जनावरं फटी असलेल्या सिमेंटच्या जमिनीवर उभी. शेण-मूत एकत्र होऊन फटींतून खालच्या टाकीत पडतं. मजुरी वाचते, गोठा स्वच्छ राहतो. पण टाकीत जमते ती काळपट, पातळ स्लरी, जिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ती लांब नेणं म्हणजे पैसे मोजून पाणी वाहणं. म्हणून ती गोठ्याजवळच्याच शेतात ओतली जाई आणि टाकी भरली की हिवाळ्यातही ओतली जाई, पीक असो वा नसो.

या ओतण्याला मक्याचं रान सापडलं. मका जास्त खतानं लोळत नाही, करपत नाही, कितीही ओता, तो उभाच. रेताड पट्ट्यात मक्याचं क्षेत्र वाढत गेलं. जनावरांना चारा झाला आणि स्लरीला जागाही झाली. जमिनीच्या पोटात काय चाललं होतं ते वरून दिसत नव्हतं. नत्राचं नायट्रेट होऊन रेतीतून भूजलात उतरत होतं. स्फुरद मातीच्या कणांना धरून राहतं. पण ती धरण्याची ताकद संपली की तेही झिरपून ओढ्या-कालव्यांत जातं, पाणी शेवाळानं हिरवं होतं आणि खत बंद केलं तरी पुढची कित्येक वर्षं जात राहतं.

तिसरा धोका हवेतून आला. उघड्यावर फवारलेल्या स्लरीतून आणि गोठ्यांमधून अमोनिया उडतो. वाखेनिंगन कृषी विद्यापीठाचे मृदाशास्त्रज्ञ निको व्हान ब्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की हा अमोनिया झाडांच्या पानांवर बसतो, पावसाबरोबर खाली उतरतो आणि जंगलाची माती आंबट करतो. तोपर्यंत आम्लपावसाचा दोष कारखान्यांच्या धुराड्यांना आणि मोटारींना दिला जात होता. आता त्यात गोठ्याचंही नाव आलं. माळावरची जांभळ्या फुलांची झुडपं मागे हटत होती, त्यांच्या जागी नत्रावर पोसलेलं गवत माजत होतं.

ब्राक्स यांच्या घोषणेमागे हे सगळं होतं. तो कायदा तात्पुरता म्हणून १९८५ च्या आरंभी लागू झाला, आणि पहिल्याच कायद्यात पुढच्या सगळ्या कायद्यांचं दुखणं दिसलं. ज्यांनी आधीच बांधकामाची तयारी केली होती त्यांना सूट मिळाली, ठराविक वाढीला वाव राहिला, पळवाटा सापडल्या. डुकरांची संख्या थांबवण्यासाठी केलेल्या कायद्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ती वाढून तोवरच्या उच्चांकाला पोचली.

१९८६ मध्ये खत कायदा आणि मृदासंरक्षण कायदा आला, १९८७ पासून अंमल सुरू झाला. शेतकऱ्याला प्रथमच खताची वही ठेवावी लागली. हेक्टरी फॉस्फेटच्या रूपात किती स्फुरद टाकायचं याची मर्यादा ठरली: कुरणाला २५० किलो, इतर पिकांना १२५ आणि मक्याला ३५०. मक्याच्या पिकाला प्रत्यक्षात लागतं त्याच्या चौपटीहून जास्त. म्हणजे पहिली मर्यादा पिकाची गरज पाहून बांधलेली नव्हती. जेवढं खत होतं तेवढं कुठेतरी मावलं पाहिजे, या हिशेबानं ती बांधलेली होती. टप्प्याटप्प्यानं ती उतरवायची असं ठरलं आणि १९९० च्या दशकात ती उतरलीही. पण दरम्यान ज्या रेतीत स्फुरद भरलं गेलं, ती आजही त्याची परतफेड करते आहे.

त्याच सुमाराला शरद आणि हिवाळ्यात स्लरी टाकण्यावर बंदी आली. याचा अर्थ गोठेवाल्याला कित्येक महिने पुरेल अशी टाकी बांधणं भाग झालं. त्यानंतर पुढच्या काही वर्षांत नियम आला, की स्लरी हवेत फवारायची नाही, ती जमिनीत घालायची.

हे काम करणारं यंत्र पाहण्यासारखं असतं. ट्रॅक्टरमागे टाकी, टाकीमागे दोन्ही बाजूंना पसरलेला लांब दांडा आणि त्याखाली ओळीनं धारदार चकत्या. चकती कुरणाच्या गवतात चार-पाच सेंटिमीटर खोल चीर पाडते, तिच्यामागची नळी त्या चिरेत स्लरी सोडते. वर टाकीशी एक वाटप-डबा असतो. त्यात फिरणारी पाती पेंढ्याचे तुकडे कापत राहतात, म्हणजे नळ्या तुंबत नाहीत आणि प्रत्येक नळीला सारखी धार जाते. जमीन ओली असली तर भरली टाकी चाकांनी माती दाबून टाकते, म्हणून टँकर रस्त्यावर उभा ठेवून शेकडो मीटर लांब पाइप ट्रॅक्टरमागे ओढत नेतात. फेब्रुवारीच्या मध्यावर कुरणांवरची बंदी उठली की ही यंत्रं एकाच वेळी बाहेर पडतात आणि कंत्राटदारांना रात्र रात्र झोप नसते.

हा नियम सोपा नव्हता. यंत्र महाग, म्हणून कंत्राटदार गाठावा लागला. आपल्या शेतात केव्हा खत टाकायचं हे आता आभाळ आणि माती पाहून ठरत नव्हतं, तारीख आणि कंत्राटदाराची सवड पाहून ठरत होतं. फ्रिसलंडच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकात आपल्या पर्यावरण सहकारी संस्था काढल्या आणि वेगळी वाट मागितली. गाईला कमी प्रथिनांचा चारा देऊ, खत घट्ट आणि चांगल्या प्रतीचं करू, मग ते वरून टाकलं तर काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. चकत्यांनी गांडुळं मरतात आणि कुरणातल्या पक्ष्यांची घरटी मोडतात, हीही तक्रार होती. त्यावर शास्त्रज्ञांमध्येच वाद झडले. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते: स्लरी जमिनीत घालणं, टाक्या झाकणं आणि गोठे सुधारणं यांमुळे १९९० च्या तुलनेत देशातून उडणारा अमोनिया निम्म्याहून बराच कमी झाला. नियमांनी काहीच साधलं नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

जास्तीच्या स्लरीचं काय करायचं, यावर कारखान्यांचं उत्तरही पुढे आलं होतं. स्लरी वाळवायची, गोळ्या करायच्या, परदेशात विकायच्या. ब्राबांतमध्ये हेल्मोंडला ‘प्रोमेस्ट’ नावाचा मोठा कारखाना उभा राहिला. पाणी उडवायला लागणारी ऊर्जा आणि तयार मालाला मिळणारा भाव यांचं गणित जुळेना. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तो बुडाला. तंत्रज्ञान वाचवेल, या आशेवर दहा वर्षं गेली आणि त्या दहा वर्षांत जनावरांच्या संख्येचा प्रश्न कुणाला टेबलावर घ्यावा लागला नाही.

१२ डिसेंबर १९९१ रोजी युरोपीय समुदायानं नायट्रेट निर्देश काढला. भूजलात लिटरला ५० मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट नको आणि जनावरांच्या खतातून हेक्टरी १७० किलोहून जास्त नत्र नको. १७० चा हा आकडा डच शेतकऱ्यांच्या पुढच्या तीन दशकांवर टांगलेला राहिला.

डच सरकारनं १९९८ मध्ये त्याला आपल्या पद्धतीनं उत्तर दिलं. ‘मिनास’ नावाची हिशेबपद्धत आणली. शेताच्या फाटकातून आत काय आलं, खाद्य आणि खत. बाहेर काय गेलं, दूध, मांस, खत. दोहोंतल्या नत्र-स्फुरदाचा फरक म्हणजे जमिनीत आणि हवेत गेलेला तोटा. तो ठराविक मर्यादेपलीकडे गेला की दंडवजा कर. शेत कसं करायचं हे सरकार सांगणार नाही, पण सांडलंस तर भर. मला ही पद्धत या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणी वाटते. खेल्डरलंडमध्ये ‘दे मार्के’ या प्रायोगिक शेतावर दाखवून झालं होतं, की नेटका हिशेब ठेवला तर रेताड जमिनीवरही दूध कमी न करता तोटा पुष्कळ घटवता येतो. दूध उत्पादकांनी मिनास आत्मसात केलं, रासायनिक खत कमी केलं. डुक्करपालकांना मात्र ते जाचक झालं, कारण त्यांच्याकडे जमीनच नव्हती आणि कागदावरचे आकडे प्रत्यक्षाशी जुळत नव्हते.

२ ऑक्टोबर २००३ रोजी युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की मिनास निर्देशात बसत नाही. निर्देश म्हणतो, आधी मर्यादा, मग खत टाकणं. मिनास वर्ष सरल्यावर हिशेब विचारतं. १ जानेवारी २००६ पासून मिनास गेलं आणि हेक्टरी मर्यादांची पद्धत आली. कायद्याच्या अक्षरापुढे एक चांगली कल्पना हरली, याची हळहळ तिथले अनेक जण आजही बोलून दाखवतात आणि ती रास्त आहे. त्या बदल्यात नेदरलँड्सला सवलत मिळाली: ज्यांच्या जमिनीत बहुतांश कुरण आहे त्यांना १७० ऐवजी २५० किलो नत्र टाकता येईल. तिथल्या ओल्या हवेत गवत वर्षातला बराच काळ वाढतं आणि नत्र शोषून घेतं, हा त्यामागचा युक्तिवाद. २०१४ मध्ये रेताड भागांपुरती ती सवलत २३० वर आली.

मध्यंतरी डुकरांचं एक पर्व घडून गेलं होतं. ४ फेब्रुवारी १९९७ रोजी ब्राबांतमधल्या व्हेनहोर्स्ट गावी डुकरांच्या तापाची साथ निघाली. गोठे इतके एकमेकांना लागून, की ती वणव्यासारखी पसरली. वर्षभरात एक कोटीच्या आसपास डुकरं मारली गेली. त्यांतली बरीचशी निरोगी होती. वाहतूकबंदीमुळे गोठ्यांत मावेनाशी झाली म्हणून मारावी लागली. दूरदर्शनवर रोज पंजांच्या यंत्रांनी उचलली जाणारी प्रेतं पाहून देशाचं मन बदललं. शेतीमंत्री योझियास व्हान आर्ट्सन यांनी डुकरांची संख्या पाव हिश्शानं कमी करणारा कायदा १९९८ मध्ये आणला. खताच्या प्रश्नावर इतक्या वर्षांत प्रथमच जनावरांच्या आकड्याला थेट हात घातला गेला. शेतकरी संघटना न्यायालयात गेल्या, अंमलबजावणी अडकली, ठरल्याप्रमाणे कपात झाली नाही.

दुभत्या जनावरांच्या बाबतीत पुढे जे झालं ते अधिक क्लेशकारक. १९८४ पासून युरोपात दुधाचा कोटा होता, त्यामुळे गाईंची संख्या आपोआप आवाक्यात होती. १ एप्रिल २०१५ ला कोटा उठला. आधीची काही वर्षं शेतकरी त्या दिवसाची तयारी करत होते. बँकांनी कर्जं दिली, मोठमोठे नवे गोठे उभे राहिले. पण २५० किलोची सवलत एका अटीवर टिकून होती: देशातल्या जनावरांच्या खतातलं एकूण फॉस्फेट १७ कोटी २९ लाख किलोच्या वर जाता कामा नये. २०१५ मध्येच ते वर गेलं. सवलत वाचवण्यासाठी सरकारनं २०१७ मध्ये गाई कमी करायला लावल्या आणि १ जानेवारी २०१८ पासून ‘फॉस्फेट हक्क’ आणले. आता जादा गाय ठेवायची तर तिच्या शेणातल्या फॉस्फेटचा हक्क विकत घ्यायचा. कर्ज काढून बांधलेल्या गोठ्यांचे कप्पे रिकामे पडले. वाढा म्हणून सांगायचं आणि वाढल्यावर तीन वर्षांत खाली बसवायचं, हा सरकारनं शेतकऱ्याशी केलेला उघड अन्याय होता.

कायदा जितका बारीक झाला, तितकी चोरीही बारीक झाली. नियम असा, की स्लरीच्या प्रत्येक खेपेचं वजन व्हावं, नमुना प्रयोगशाळेत जावा, टँकरचा मार्ग उपग्रहावरून नोंदला जावा. डुक्करपालकाला स्लरी घेऊन जाण्यासाठी टनामागे वीस-पंचवीस युरो मोजावे लागत. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘एनआरसी’ या दैनिकाच्या पत्रकार योप डोमन आणि एस्तर रोझनबर्ग यांनी दाखवून दिलं, की ब्राबांत-लिम्बुर्खच्या पट्ट्यात या धंद्यातल्या निम्म्याहून जास्त कंपन्या दंड झालेल्या किंवा संशयित आहेत. कागदावर लांबच्या शेतात गेलेला टँकर प्रत्यक्षात जवळच रिकामा होई. नमुन्यात फेरफार करून फॉस्फेट जास्त दाखवलं, की कागदावर जास्त खत शेताबाहेर जाई. प्रामाणिक गोठेवाला पैसे भरत होता आणि शेजारी चोरी करून वाचवत होता.

मग २०१९ आलं. संरक्षित निसर्गक्षेत्रांजवळ नवे गोठे, रस्ते आणि घरं यांना परवाने देताना सरकार ‘पुढे नत्राचं प्रदूषण कमी होईलच’ या भरवशावर आजच मुभा देत होतं. २९ मे २०१९ रोजी राज्य परिषदेनं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं, ही पद्धत रद्द केली. हजारो प्रकल्प एका निकालात थांबले. सत्ताधारी आघाडीतल्या एका खासदारानं डुकरं-कोंबड्यांची संख्या निम्मी करण्याची भाषा केली आणि १ ऑक्टोबरला ट्रॅक्टर हेगकडे निघाले. त्या सकाळी देशातल्या रस्त्यांवर एकूण हजार किलोमीटरहून लांब रांगा लागल्या.

१० जून २०२२ रोजी मंत्री क्रिस्तियाने व्हान डेर वाल यांनी एक नकाशा प्रसिद्ध केला. कोणत्या भागात नत्राचं उत्सर्जन किती कमी करायचं, ते त्यावर रंगवलं होतं; काही ठिकाणी ९५ टक्के. तो नकाशा पाहून घराघरात काय झालं असेल, याची कल्पना शेतकरी कुटुंबातल्या कुणालाही येईल. ९५ टक्के कमी म्हणजे गोठा बंद. महामार्गांवर गवताचे गठ्ठे पेटले, शेण ओतलं गेलं, गावोगाव उलटे राष्ट्रध्वज लागले. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत ‘शेतकरी-नागरिक चळवळ’ हा जेमतेम काही वर्षांचा पक्ष देशात पहिला आला. त्याच वर्षी सरकारनं स्वेच्छेनं गोठा बंद करणाऱ्यांसाठी भरपाईच्या योजना सुरू केल्या.

या चार दशकांत डच राज्यानं खत किती, केव्हा, कुठल्या यंत्रानं, किती खोल टाकायचं हे सगळं ठरवलं आणि त्यातलं पुष्कळसं योग्य होतं. जमिनीला पेलतील एवढीच जनावरं, ही सुरुवातीची अट मात्र प्रत्येक वेळी पुढच्या सरकारवर ढकलली. १९८४ मध्ये ती शांतपणे, सवड देऊन, पैसे देऊन पाळता आली असती. पुढे ती न्यायालयांनी पाळायला लावली, आणि न्यायालयाला सवड देता येत नाही. याची किंमत ज्यांनी हे धोरण आखलं त्यांनी फारशी मोजली नाही. त्या धोरणावर विश्वास ठेवून कर्ज काढणाऱ्यांच्या मुलांनी मोजली.

सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगानं नेदरलँड्सची नत्राची सवलत टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा निर्णय दिला. तिचं शेवटचं वर्ष २०२५ ठरलं. ५० हेक्टरच्या रेताड कुरणावर पूर्वी ११,५०० किलो नत्र खतातून टाकता येत होतं, १७० च्या मर्यादेत ते ८,५०० किलो होतं. मधलं ३,००० किलो नत्र म्हणजे गाईंची साधारण ७५० घनमीटर स्लरी, मोठे वीसेक टँकर. ती आपल्या गोठ्यातून दुसरीकडे न्यायची तर दर वर्षी त्याचे पैसे गोठेवाल्यानंच भरायचे आहेत, आणि नत्राची ती तूट भरून काढायला कुरणाला रासायनिक खतही विकत आणायचं आहे.